वाट बघणं मोजायला शिका: इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधला पहिला अभ्यास

माझे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. गाळप सुरू झालं की त्यांना रात्रपाळी लागायची, आणि त्यांचा डबा घेऊन मी काट्यावर जायचे. काट्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत उसाच्या बैलगाड्यांची रांग. रांगेच्या कडेला तीन दगड मांडून बायका भाकरी थापत असायच्या, पोरं पाचटावर झोपलेली असायची. वडिलांच्या वहीत प्रत्येक गाडीचं वजन नीट लिहिलेलं होतं. ती गाडी तिथे किती तास उभी होती, हे मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं.

तो रकाना भरायला शिकवणारी इंजिनिअरिंगची एक शाखा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आता या कामात एकवीस वर्षं झाली. सगळी नोकरी भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत. डिप्लोमाची, डिग्रीची मुलं-मुली भेटतात आणि विचारतात, "मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? कुठला कोर्स लावू?" मी सांगते, आधी एक अभ्यास पूर्ण कर. एक जागा, एक काम, एक वही, एक घड्याळ. तो कसा करायचा ते इथे लिहिते. नोकरीचंही लिहिणार आहे, पण नंतर.

जागा निवडणं

कारखानाच हवा असं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातली केसपेपरची खिडकी चालेल, एसटी डेपोतली गाडी धुण्याची जागा चालेल, द्राक्षांचं पॅकहाऊस, कॉलेजची मेस, काकांचं लेथचं वर्कशॉप, काहीही. अटी दोनच. तेच काम दिवसातून निदान तीस-चाळीस वेळा होत असावं, आणि तिथे सलग तीन दिवस उभं राहायला तुम्हाला परवानगी असावी. परवानगी मालकाची घ्याच, पण जो माणूस ते काम करतो त्याची वेगळी घ्या. दुसरी परवानगी पहिलीपेक्षा मोठी आहे.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या नोकरीत साहेब म्हणाले होते, "त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर मुद्दाम हळू काम करतील." मी खांबाआड उभी राहून ड्रिलिंग मशीनवरच्या एका मामांची वेळ घेत होते. तिसऱ्या दिवशी मामांनी मशीन बंद केलं, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "ताई, विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग त्यांनी मला फिक्श्चर दाखवलं, म्हणजे जॉब (ज्यावर काम चाललंय तो सुटा भाग) मशीनवर पकडून ठेवणारी चौकट. तिचा क्लॅम्प झिजला होता, प्रत्येक जॉबला तो दोनदा आवळावा लागत होता. त्याबद्दल ते कित्येक महिने तक्रार करत होते. माझ्या वहीत तीच गोष्ट "अनावश्यक हालचाल" म्हणून लिहिलेली होती. तीन दिवसांची पानं मी बाजूला ठेवली आणि मामांच्या शेजारी उभी राहून पुन्हा सुरुवात केली.

घड्याळाबद्दलचा हा राग आपल्याकडचा नाही आणि नवाही नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरनी १८८० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच लावून काम मोजायला सुरुवात केली. पुढे त्यांची पद्धत अमेरिकेत पसरली, आणि ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी घड्याळाविरुद्ध काम बंद केलं. प्रकरण संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. १९१५ पासून खर्चाच्या विधेयकांतच तरतूद आली की सरकारी पैशातून असं घड्याळ लावायचं नाही, आणि ही बंदी १९४९ पर्यंत टिकली. आपण हातात घेतो ते साधन कुणाच्या भाकरीला धक्का लावू शकतं, हे शिकाऊ इंजिनिअरला पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे.

म्हणून मी समोरच्याला तीन गोष्टी सांगते: मी कामाचा वेळ मोजतेय, तुमचा नाही. वहीत तुमचं नाव येणार नाही. वही कधीही मागा, दाखवीन. आणि वही खरोखर दाखवते.

पहिला दिवस घड्याळाविना

पहिली पूर्ण शिफ्ट फक्त बघा. उभं राहूनच बघा, खुर्ची घेऊ नका. माल कुठून येतो, कुठे टेकवला जातो, माणूस किती वेळा वळतो, वाकतो, कुणाला हाक मारतो, ते टिपत जा. जागेचा साधा नकाशा काढा आणि माणूस जिथे जिथे चालला तिथे पेन्सिलीची रेघ ओढा. दुपारपर्यंत कागदावर रेघांचा गुंता होतो. तो गुंता जिथे दाट दिसतो, तिथे तुमचं काम आहे.

थांबणं दिसलं की पुढे कारण लिहा. "माल नाही", "तपासणीची वाट", "क्रेनची वाट", "साहेबांच्या सहीची वाट". तुम्हाला वाटतं ते कारण लिहू नका. विचारा आणि तेच शब्द उतरवा.

घड्याळ लावल्यावर

दुसऱ्या दिवशी कामाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट डोळ्याला किंवा कानाला स्पष्ट कळला पाहिजे: जॉब हातात घेतला, क्लॅम्पचा आवाज आला, पाना खाली ठेवला. अडीच-तीन सेकंदांपेक्षा लहान तुकडा हाताने मोजता येत नाही, तो शेजारच्या तुकड्यात मिळवा. मशीन स्वतः चालतं तो वेळ वेगळा, माणसाच्या हाताचा वेळ वेगळा. मोबाइलमधलं लॅप असलेलं घड्याळ पुरेसं आहे. व्हिडिओ घेतलात तर घरी संथ करून बघता येतो, पण त्यालाही आधी विचारा.

दर फेरीत न येणारं काम विसरू नका. वीस जॉब झाले की सुट्या भागांची रिकामी पेटी, म्हणजे बिन, बदलायला ४० सेकंद लागत असतील, तर प्रत्येक जॉबच्या वाट्याला २ सेकंद येतात. एखादं वाचन विचित्र मोठं आलं तर ते खोडू नका, शेजारी कारण लिहा. माझ्या अनुभवात अभ्यासातला सगळ्यात उपयोगी भाग याच वाचनांत सापडतो.

मग येतो वेगाचा अंदाज, ज्याला आम्ही रेटिंग म्हणतो. प्रशिक्षित माणूस घाई न करता, मन लावून, दिवसभर टिकेल अशा वेगाने काम करतो तो १०० धरायचा. चालण्यात बोलायचं तर साधारण ताशी साडेसहा किलोमीटर. समोरचा माणूस त्याहून चपळ असेल तर ११०. त्याला ५० सेकंद लागले, तर कामाचा सामान्य वेळ ५५ सेकंद झाला. रेटिंगशिवाय काढलेला आकडा अन्यायाचा असतो, कारण लाइनवरच्या सगळ्यात चपळ पोरीचा वेळ मग सगळ्यांवर लादला जातो.

त्यावर सवलत, म्हणजे जादा वेळ, द्यायची असते. पाणी, शौचालय, थकवा, उष्णता, वाकून करायचं काम. ५५ सेकंदांवर १२ टक्के धरले तर प्रमाण वेळ होतो ६१.६ सेकंद. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण नवी मुलं हा आकडा तक्त्यातून उचलतात आणि पुढे जातात. एका कारखान्यात पुरुषांचं शौचालय लाइनच्या शेजारी होतं आणि बायकांचं दुसऱ्या इमारतीत. मी चालून बघितलं: जायला चार मिनिटं, यायला चार. त्या लाइनवरच्या बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. तक्त्यातली सवलत दोघांनाही मिळत होती, पण ती बायकांना वापरता येत नव्हती. मी अहवालात ते अंतर आणि ती मिनिटं लिहिली, आणि सहा महिन्यांनी शेडमध्ये शौचालय झालं. माझ्या सगळ्या कामात मला ते जवळचं वाटतं.

लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन इंजिनिअरबद्दल मला आदर आहे तो याचसाठी. त्यांचे पती फ्रँक यांनी वीट रचण्याच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या, हे सगळीकडे शिकवतात. लिलियन यांनी १९१५ मध्ये मानसशास्त्राशी जोडलेल्या विषयात डॉक्टरेट मिळवली आणि थकवा हा इंजिनिअरच्या अभ्यासाचा भाग आहे, हे ठासून मांडलं.

एक लाइन, सहा जणी

आता खरा हिशोब. इंजिनचा पाण्याचा पंप जोडणारी एक लाइन होती, सहा स्टेशनं, सहा जणी. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, सुरुवातीची बैठक ५, शेवटची साफसफाई १०. उरली ४१५ मिनिटं, म्हणजे २४,९०० सेकंद. शिफ्टला हवे होते ३६० पंप. भागाकार केला की ६९ सेकंद येतात. दर ६९ सेकंदांनी एक पंप बाहेर पडला पाहिजे. याला टॅक्ट टाइम म्हणतात. हा आकडा गिऱ्हाइकाच्या मागणीतून येतो, कुणाच्या मनातून नाही.

स्टेशनांचे वेळ आले असे: ५२, ६१, ८४, ४७, ६६, ५८. बेरीज ३६८. म्हणजे सहा माणसांत काम बसायला हवं होतं. पण तिसरं स्टेशन ८४ सेकंद घेत होतं, आणि लाइन तिसऱ्याच्याच वेगाने चालते. २४,९०० भागिले ८४, शिफ्टला २९६ पंप. उरलेले ६४ रोज ओव्हरटाइममध्ये निघत होते. व्यवस्थापनाचं ठाम मत होतं की सातवी मुलगी हवी किंवा तिसरीला बदलायला हवं. तिसरी मुलगी सहाजणींत सगळ्यात हुशार होती. अवघड स्टेशन तिला दिलं होतं ते त्याचसाठी.

रेघांच्या नकाशात दिसलं की सीलची बिन तिच्या पाठीमागे आहे. दर पंपाला ती मागे वळायची, दोन पावलं जायची, परत यायची: ११ सेकंद. बिन समोरच्या रॅकवर उतरती लावली. वॉशर बसवण्याचे ९ सेकंद चौथ्या स्टेशनला दिले, ते ४७ चं ५६ झालं. तिसरं आलं ६४ वर. आता सगळ्यात मोठं स्टेशन ६६ चं, शिफ्टला ३७७ पंप निघू शकतात. खर्च एका रॅकचा.

आणि ओव्हरटाइम बंद झाला. पंधरा दिवसांनी त्यातल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या स्कूटरचा हप्ता ओव्हरटाइमच्या पैशातून जात होता. मी गप्प झाले. वेळ वाचवला मी, आणि त्याचे पैसे गेले त्यांचे. मग कारखान्याशी बोलून उत्पादन बोनसचा टप्पा जुन्याच आकड्यावर ठेवून घेतला, म्हणजे वाढीव पंपांवर त्यांना काही मिळू लागलं. तेव्हापासून अभ्यास सुरू करण्याआधी मी लेखी विचारते: वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला जाणार? उत्तर येत नसेल तर घड्याळ काढत नाही. तुम्हाला पहिल्या नोकरीत असं अडून बसता येणार नाही, हे मला कळतं. प्रश्न विचारता मात्र नक्की येतो. विचारा, आणि तो अहवालात छापील राहू द्या.

सेटिंगच्या, म्हणजे एका भागावरून दुसऱ्या भागासाठी मशीन तयार करण्याच्या, वेळेबद्दल थोडक्यात. डाय (भागाला आकार देणारा साचा) बदलायला दोन तास लागत असतील, तर त्यातली किती कामं मशीन चालू असताना आधीच करता येतात ते वेगळं काढा. बोल्ट शोधणं, डाय आणून ठेवणं, पाने मांडणं. पाहुणे दारात आल्यावर कणीक भिजवायला घेत नाहीत, तसंच. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी टोयोटाच्या १,००० टनी प्रेसची सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली, त्याची सुरुवात याच वेगळं काढण्यापासून झाली.

पुन्हा काट्यावर

कारखान्याबाहेर हे शास्त्र कसं लागतं, ते वडिलांच्या काट्यावरच दाखवते. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकानी रांगेचा एक साधा नियम सिद्ध केला: रांगेत सरासरी जितकं उभं आहे, ते बरोबर दर तासाला जितकं आत येतं गुणिले प्रत्येकाचं थांबणं. तीनपैकी दोन माहीत असले की तिसरं निघतं.

दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना तासाला साधारण २०८ टन ऊस घेतो. यार्डात सरासरी १,२५० टन उभा असेल, तर १,२५० भागिले २०८, म्हणजे प्रत्येक गाडी सरासरी सहा तास थांबते. एकाही गाडीमागे घड्याळ लावावं लागत नाही. संध्याकाळी यार्डातल्या गाड्या मोजा, काट्याच्या पावत्या बघा, झालं. तुटलेला ऊस जितका थांबेल तितकी त्यातली साखर उतरते, वजनही घटतं, म्हणजे हे सहा तास शेतकरी आणि कारखाना दोघांच्या खिशातून जातात. बैलगाडीवाल्या कोयत्याच्या, म्हणजे तोड करणाऱ्या नवराबायकोच्या, झोपेतून जातात ते वेगळेच. पहाटे त्यांना पुन्हा फडात जायचं असतं.

रांग का लागते? तोड पहाटे सुरू होते, गाडी दुपारनंतर भरते, आणि सगळे गट संध्याकाळी एकदमच काट्यावर येतात. गाळपासाठी ऊस जिथे टाकतात ती गव्हाण मात्र चोवीस तास सारखीच खाते. माझ्याकडे प्रोजेक्टला आलेल्या दोन मुलांनी एका यार्डात तासातासाला आठ दिवस गाड्या मोजल्या, आणि त्यांचा आलेख बघूनच शेतकी खात्याच्या लोकांना पटलं की प्रश्न काट्याच्या वेगाचा नाही, येण्याच्या वेळांचा आहे. लांबच्या आणि जवळच्या गटांच्या तोडीच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा वेगळ्या करता येतात. या शाखेच्या नावात इंडस्ट्रियल आणि सिस्टिम्स असे दोन शब्द जोडून का येतात, ते इथे कळतं. काटा एकटा सुधारून भागत नाही. फड, मुकादम, रस्ता, काटा, गव्हाण ही एकच साखळी आहे.

आता नोकरीचं

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनचा डिप्लोमा असला तरी या कामात येता येतं. माझी सुरुवात तशीच झाली, डिग्री नोकरी करत केली. पुढे शिकायचं असेल तर गेट या प्रवेश परीक्षेत प्रॉडक्शन आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च शिकवतात, आयआयटी खडगपूरला इंडस्ट्रियल आणि सिस्टिम्स असा स्वतंत्र विभाग आहे. पवईची नीटी ही संस्था १९६३ पासून याच विषयासाठी ओळखली जात होती, २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली.

नोकरीच्या जाहिरातीत "इंडस्ट्रियल इंजिनिअर" असंच लिहिलेलं असेल असं समजू नका. प्रॉडक्शन प्लॅनिंग, लीन, मेथड्स, सप्लाय चेन, ऑपरेशन्स एक्सलन्स, गोदामाची आखणी, हॉस्पिटल ऑपरेशन्स, या सगळ्या नावांखाली हेच काम असतं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर तुमच्या अभ्यासाची चार पानं ठेवा: रेघांचा नकाशा, वेळांचा तक्ता, काय बदललं, आधी किती आणि नंतर किती. मी मुलाखती घेते तेव्हा एवढंच विचारते की हा आकडा कुणी दिला आणि तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात. ज्याने स्वतः मोजलंय त्याचं उत्तर लगेच येतं, आणि त्यात माणसं असतात.

सॉफ्टवेअरचा क्रम माझ्या मते असा. एक्सेल इतकं पक्कं हवं की पिव्होट टेबल डोळे मिटून जमेल. नंतर थोडं पायथन. मग सिम्युलेशन, म्हणजे लाइन किंवा यार्ड संगणकात चालवून बघणं. आता मशीनवर सेन्सर बसतात आणि कारखान्याची संगणकातली जुळी प्रत चालवतात. मला हे मनापासून आवडतं, एरवी महिनाभर चालणारा प्रयोग एका दुपारी होतो. पण सेन्सर सांगतो की मशीन १० वाजून १२ मिनिटांनी थांबलं. क्लॅम्प झिजलाय हे मामाच सांगतात. दोन्ही नोंदी एका तक्त्यात आणणारा इंजिनिअर आजही कमी मिळतो, आणि नव्या मुलांना शिरायला जागा तिथेच आहे.

अभ्यास संपला असं वाटलं की तीन महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा तिथे जा. पंपाच्या लाइनवर मी गेले, तर सीलची बिन पुन्हा पाठीमागे गेली होती. उतरत्या रॅकवर भरलेली बिन चढवायला स्टोअरच्या मुलाचा हात पोहोचत नव्हता, म्हणून तो ती जुन्या जागी ठेवून जायचा. माझ्या अभ्यासात तो मुलगा कुठेच नव्हता. त्याला बोलावलं, त्याच्या खांद्याची उंची मोजली, आणि रॅक सहा इंच खाली घेतला.